नाव काढलंस पोरी

१८ जून

बाबा,

साष्टांग नमस्कार. पुढचं वाचण्याआधी खुर्चीत बसा. दुकानातल्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय हलतो.

मी कायद्याला प्रवेश घेतला. खांबवाल्या कॉलेजात नाही. जिन्यावरच्या.

फोनवर सांगितलं नाही, कारण फोनवर तुम्ही मला एकही वाक्य पुरं करू देत नाही. पत्रात मध्येच बोलायची सोय नसते.

खांबवाल्यात माझं नाव लागलं होतं हे खरं. फी भरायच्या दिवशी मी तिथे गेलेही. एका गृहस्थांनी आम्हा नव्या मुलांना इमारत दाखवली. खांब दाखवले, दगड कुठून आणला ते सांगितलं. भिंतीवर जुन्या विद्यार्थ्यांच्या तसबिरी आहेत. प्रत्येकाचा चेहरा असा, की आत्ताच कुणाचा तरी अर्ज फेटाळून आलेत. ग्रंथालय दाखवलं. कपाटांना कुलपं होती. मी म्हटलं, "एखादा वर्ग बघता येईल का?" ते म्हणाले, "वर्ग काय, सगळीकडे सारखेच असतात!" आणि पुन्हा खांबांकडे वळले. मग मी वरच्या वर्षातल्या एका मुलाला गाठलं. सध्या काय शिकवतायत, विचारलं. सुट्टीत कुठल्या कंपनीत जाणार ते त्याने सांगितलं. पुन्हा विचारलं, तर त्याचे वडील कुठे असतात ते सांगितलं.

जिन्यावरचं कॉलेज खरंच जिन्यावर आहे. खाली मोटार शिकवणाऱ्यांचं ऑफिस, त्याच्या कडेने अंधारा जिना. वर गेले तर आत कडाक्याचं भांडण चाललेलं. एक बाई वॉशिंग मशीनचं गॅरंटी कार्ड हातात फडकवत ओरडत होत्या. मला वाटलं, गिऱ्हाईक आहे. तो तास होता. करारांचा कायदा शिकवतात म्हणून मुलं त्यांना करारबाई म्हणतात. मी दारात उभी, तर माझ्याकडे बोट केलं, "तू सांग, कंपनी मशीन बदलून का देणार नाही?" मी उत्तर दिलं. चुकलं. त्यांनी मला बाहेर काढलं नाही, की गोड बोलून सोडलंही नाही. माझं उत्तर फळ्यावर लिहिलं आणि सगळ्या वर्गाकडून ते पार भुगा होईपर्यंत कुटून घेतलं. बाबा, इतक्या आनंदाने मी आजवर कधी चुकले नव्हते. खाली उतरले नाही, तिथेच फी भरली.

रागवा, पण सावकाश.

तुमची लेक


२४ जून

चि. वकीलसाहेब,

आशीर्वाद, नाइलाजाने.

पत्र स्टुलावर बसूनच वाचलं. मला काही झालं नाही.

तू काय करून ठेवलंयस ते तुला ठाऊक नाही. खांबवाल्यात तुझं नाव लागलं त्याच संध्याकाळी मी शेजारच्या औषधवाल्यांना सांगितलं. फक्त त्यांनाच. पण त्यांच्या दुकानात अख्खा मोहल्ला खोकत येतो आणि बातमी घेऊन जातो. पलीकडच्या सलूनवाल्याने तुझा शाळेतल्या बक्षीस समारंभाचा फोटो आरशाला चिकटवलाय. माणसं दाढी करताना तुझ्याकडे बघतात. "नाव काढलंस पोरी" असं त्याखाली त्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय. आता मी दुकानादुकानात जाऊन काय सांगू, की पोरीला खांबांपेक्षा पायऱ्या बऱ्या वाटल्या?

तू म्हणशील, नावात काय आहे. माझा उभा जन्म चष्मे विकण्यात गेला. गिऱ्हाईक काच बघत नाही, काडीवरचं नाव बघतं. एकाच कारखान्यातल्या दोन फ्रेमा, एकीच्या काडीवर सोनेरी अक्षरं, दुसरी कोरी. सोनेरीवाली आठवड्यात जाते, कोरी धूळ खाते. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. असं आहे, एवढंच म्हणतो. उद्या तू कुठे नोकरी मागायला गेलीस, की समोरचा आधी काडी बघणार.

खोटं बोल असं मी सांगत नाही. इकडे आलीस की कॉलेजचा विषय काढू नकोस. मंद हसत राहा. मोठ्या कॉलेजातली माणसं तशीही फार बोलत नाहीत.

तुझा बाबा

ता. क. आई लिहितेय. हे स्टुलावरून पडले होते. लागलं नाही. जिना फार उंच आहे का? जेवण वेळेवर घे.


३ जुलै

बाबा,

नमस्कार. कंबर शेकताय ना?

न विचारता मी कुणाला काही सांगायला येणार नाही. विचारलं तर खरं सांगेन. एवढं जमेल. करारबाई म्हणतात, मोघम ठरवलेला करार सगळ्यात महागात पडतो. त्यामुळे माझी बाजू स्पष्ट लिहून ठेवतेय.

काडीचं तुमचं म्हणणं मात्र खोडून काढता येत नाही. दुपारच्या वेळी काम मिळावं म्हणून मी इथल्या एका वकिलांच्या ऑफिसात गेले होते. तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "कॉलेज?" मी सांगितलं. त्यांनी हातातलं पेन टोपण लावून ठेवलं. "कळवतो," म्हणाल्या. माझ्यामागे खांबवाल्यातला एक मुलगा होता, त्याला बसायला खुर्ची मिळाली. तो खुर्चीत बसून मला म्हणाला, "तुमचं कॉलेज नेमकं कुठे येतं हो?" मी म्हटलं, "मोटार शिकायला कधी आलात, तर वर बघा."

वाईट वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी करारबाईंनी एका विमा कंपनीचं पत्र फाडून खाल्लं. अक्षरशः नाही, पण जवळजवळ. मी विसरून गेले.

तुमची लेक


९ सप्टेंबर

चि. वकीलसाहेब,

आशीर्वाद, या वेळी मनापासून. कारण काम आहे.

आपल्या इमारतीच्या घरमालकाने खालच्या सगळ्या दुकानदारांना एक कागद दिलाय. इमारत जुनी झाली, दुरुस्ती करायची आहे, तोवर दुकानं रिकामी करून द्या आणि खाली सही करा. तोंडाने म्हणतो, "दुरुस्ती झाली की परत या, जागा तुमचीच आहे." बोलायला फार गोड माणूस. माझ्याकडून चष्मा करून घेतला तेव्हाही घासाघीस केली नव्हती.

औषधवाले सही करायला निघालेच होते. मग त्यांनाच आठवण झाली. म्हणाले, "अहो, तुमची मुलगी एवढ्या मोठ्या कॉलेजात आहे, तिला विचारा की! आपण कशाला डोकं चालवायचं?" सलूनवालाही हो म्हणाला. मी काय बोलणार? मंद हसलो.

कागदाची नक्कल सोबत आहे. जरा वजनदार भाषेत उत्तर लिही. मला ते मोठ्याने वाचून दाखवायचं आहे.

बाबा

ता. क. मालक गोड आहे म्हणूनच मला भीती वाटते. आई.


१५ सप्टेंबर

बाबा,

पहिली गोष्ट, मला कॉलेजात जाऊन तीन महिने होताहेत. घशात काटा अडकला तर तुम्ही डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षातल्या पोराकडे जाल का? वकील गाठा.

दुसरी गोष्ट, मला राहवलं नाही. मी कागद करारबाईंना दाखवला. त्यांनी तो वाचला, चौथ्या कलमापाशी थांबल्या आणि हसल्या. का हसल्या ते विचारलं तर "काही नाही" म्हणाल्या. मग वर्गात तोच कागद फळ्यावर घेतला. आमचं सगळ्यांचं मिळून उत्तर असं, आणि बाईंनी ते तपासलंय:

सही करू नका. कागदात "स्वखुशीने ताबा सोडत आहे" असं लिहिलंय. परत या, असं कुठेच लिहिलेलं नाही. चौथ्या कलमात म्हटलंय, की दुरुस्तीनंतर "जागेचे वाटप मालकाच्या सोयीनुसार होईल". म्हणजे तुम्हाला तुमचंच दुकान मिळेल, मागच्या गल्लीत मिळेल, की नुसताच नमस्कार मिळेल, ते मालकाच्या सोयीवर. इमारत धोक्याची आहे तर इंजिनिअरचा अहवाल मागा. परत कुठली जागा, किती मोठी आणि कधी, हे लेखी मागा. लेखी येईपर्यंत दुकान उघडं ठेवा आणि भाडं बँकेतून पाठवा.

भाषा वजनदार नाही. वजन हवं असेल तर वाचताना घसा खाकरा.

लेक


२८ सप्टेंबर

चि. विदुषी,

शतशः आशीर्वाद!

घसा खाकरून वाचलं. औषधवाल्यांच्या दुकानात, सगळ्यांसमोर. औषधवाले म्हणाले, "याला म्हणतात कॉलेज! एकेका वाक्यात दर्जा दिसतो." सलूनवाला म्हणाला, "नुसताच नमस्कार मिळेल, हे तर खास तिथलंच." मालकाचा माणूस सह्या घ्यायला आला, तर त्याला आम्ही इंजिनिअरचा अहवाल मागितला. त्याचा चेहरा बघायला हवा होतास. आल्या पावली परत गेला.

आता ऐक. सगळ्या दुकानदारांनी मिळून तुझा सत्कार ठरवलाय. मी नको म्हटलं. एकदा म्हटलं. कोपऱ्यावरचा हॉल घेतलाय. प्रमुख पाहुणे म्हणून औषधवाल्यांचे साडू येणार आहेत. ते मोठे वकील आहेत आणि खुद्द खांबवाल्याचे जुने विद्यार्थी. तुझं कौतुक ऐकून त्यांना फार आनंद झालाय म्हणे.

तू फक्त ये, गुच्छ घे, मंद हस आणि जा. तासाभराचा प्रश्न आहे.

बाबा

ता. क. येऊ नकोस. नाहीतर ये आणि बोल. मधलं काही करू नकोस. मी हॉलमध्ये येणार नाही, मला ते बघवणार नाही. आई.


५ ऑक्टोबर

बाबा,

येते. हसण्याचं बघू.

लेक


१९ ऑक्टोबर

आई,

हॉलमधून तडक गाडी पकडली, घरी आले नाही, रागावू नकोस. बाबांनी तुला काहीतरी सांगितलं असेलच. माझ्याकडूनही ऐक.

सगळं छान चाललं होतं. मी गप्प होते. हसतही होते, बाबांना विचार. औषधवाल्यांनी माझ्याबद्दल असं भाषण केलं, की ती मुलगी कोण हे बघायला मीही मान वळवली. मग साडूसाहेब उठले. माझ्याविषयी एक वाक्य बोलले आणि उरलेला सगळा वेळ खांबांविषयी. सगळ्यांचे डोळे पाणावले. खांब त्यातल्या कुणीच पाहिलेले नाहीत. शेवटी ते माइकवरूनच मला म्हणाले, "काय बाळ, आपल्या ग्रंथालयामागचं ते मोठं झाड अजून आहे ना?"

आई, त्यांनी विचारलं. मी आपणहून काही काढलं नव्हतं.

मी म्हटलं, "असेल, मला माहीत नाही. मी जिन्यावरच्या कॉलेजात शिकते."

मागच्या रांगेतल्या कुणीतरी सवयीने टाळ्या वाजवल्या आणि एकटाच पडल्यावर थांबला. औषधवाले तेव्हा मला गुच्छ देत होते. त्यांनी तो दिला, पण सोडला नाही. आम्ही दोघं तो दोन्हीकडून धरून उभे राहिलो, आणि तेवढ्यात फोटोवाल्याने फोटो काढला. साडूसाहेब मात्र सराईत. म्हणाले, "असू दे, असू दे, सगळीकडे हुशार मुलं असतात," आणि घड्याळ बघितलं.

बाबांनी काय केलं असेल? पुढच्या रांगेतल्या एका माणसाच्या नाकावरचा चष्मा काढला आणि रुमालाने पुसायला घेतला. तो माणूस कोण होता कुणास ठाऊक. तोही बिचारा मुकाट्याने बसून राहिला.

नंतर खाण्याच्या टेबलापाशी माझ्याशी बोलायला फक्त सलूनवाला आला. म्हणाला, "फोटो राहू दे का काढू?" बाकी सगळे साडूसाहेबांभोवती प्लेटा घेऊन उभे होते. बाबाही तिथेच होते.

मला बरं वाटतंय आणि रडूही येतंय. तू बोल म्हणाली होतीस.

तुझी लेक


२ नोव्हेंबर

चि. सत्यवचनी,

आशीर्वाद.

तू मोकळी झालीस. भोगतोय मी. सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी औषधवाले दुकानात आले. "म्हणजे ते जे तुम्ही आम्हाला वाचून दाखवलंत, ते जिन्यावरचं होतं?" मी म्हटलं, "अहो, कागद तोच, उत्तरही तेच." ते म्हणाले, "तसं नसतं हो ते."

त्या दिवशी हॉलमध्ये लोकांनी साडूसाहेबांना मालकाच्या कागदाबद्दल विचारलं होतं. ते म्हणाले, "हे असे कागद नेहमीचेच असतात. मालकाशी वाकडं घेऊन काय मिळतं? करून टाका सही." एवढा मोठा माणूस सांगतोय म्हटल्यावर लोकांनी गेल्या आठवड्यात सह्या करून टाकल्या. एकटा सलूनवाला राहिला. तोही काही फार विचार करून नव्हे. मालकाचा माणूस आला तेव्हा त्याचा वस्तरा गिऱ्हाईकाच्या गळ्यावर होता. "नंतर या," म्हणाला. मग तो माणूसही विसरला आणि हाही.

बघू आता. लोकांचं नशीब.

बाबा

ता. क. लोकांचं म्हणजे ह्यांचंसुद्धा. पहिली सही ह्यांची आहे. आई.


६ नोव्हेंबर

बाबा,

आईची ओळ वाचली. दोनदा वाचली.

औषधवाल्यांना मी समजू शकते. मी खांबवाल्यात आहे असं समजून त्यांनी विश्वास ठेवला, नाही असं कळल्यावर काढून घेतला. त्यांना तुम्ही फसवलं होतं. तुम्हाला कुणी फसवलं? मी कुठे शिकते ते तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझं पत्र तुम्ही घसा खाकरून सगळ्यांना ऐकवलंत. तुम्ही कधी ऐकलंत?

एकच विचारते. साडूसाहेबांनी तो कागद वाचला होता का?


११ नोव्हेंबर

पोरी,

नाही. त्यांच्या हातात प्लेट होती.

आज मालकाची माणसं दुकानाचं माप घेऊन गेली. काय करायचं ते सांग. सांगशील ते करेन.

बाबा


१६ नोव्हेंबर

बाबा,

मी चार दिवस तुमच्यावर चिडून होते. अजून आहे. ते बाजूला ठेवून लिहितेय.

करारबाईंकडे गेले. सगळं सांगितलं, प्लेटेसकट. त्यांनी डोक्याला हात लावला. मग मी विचारलं, त्या दिवशी चौथ्या कलमावर हसलात का? तेव्हा सांगितलं. मालकाचा वकील त्यांचाच जुना विद्यार्थी आहे. जिन्यावरचाच! "मालकाच्या सोयीनुसार" ही शब्दरचना त्यांनी वर्गात नमुना म्हणून शिकवली होती. असं कुणी लिहिलं तर सावध व्हा, म्हणून. त्याने ते उलट्या बाजूने लक्षात ठेवलं. बाई म्हणाल्या, "पोराने मसुदा सुरेख केलाय. काना-मात्रेची चूक नाही. आता त्याला हरवायला हवं." त्यांना राग आलाय की अभिमान वाटतोय, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

म्हणजे बघा. आमच्या कॉलेजात खरंच चांगलं शिकवतात. कोण शिकून काय करेल, याची हमी ते देत नाहीत. मीही तुम्हाला जिन्याचं कौतुक फारच ऐकवलं, ते जरा कमी करते.

आता काम. सही झाली म्हणजे सगळं संपलं असं नाही. परत जागा देईन असं मालकाने तोंडी सांगून सह्या घेतल्या, हे तुम्ही सगळे मिळून कोर्टात सांगू शकता. सलूनवाल्याची सही नाही, हा आपला सगळ्यात भक्कम खांब. त्याला सांगा, वस्तरा खाली ठेवू नकोस. करारबाई स्वतः वकिली करत नाहीत, पण त्यांच्या एक मैत्रीण करतात. सोबतच्या पत्त्यावर त्यांना भेटा. औषधवाल्यांनाही न्या. कुठल्या कॉलेजच्या, असं त्यांना विचारू नका.

लेक


२१ फेब्रुवारी

चि. पोरीस आशीर्वाद.

मिटलं. हरलो नाही. पुरते जिंकलोही नाही. सलूनवाल्याला त्याची जागा रस्त्याच्या तोंडाशी जशीच्या तशी मिळणार. ज्यांनी सह्या केल्या त्यांना दुकानं मिळणार, लेखी, मापासकट, पण मागच्या गल्लीच्या बाजूला. आपल्या वकीलबाई म्हणाल्या, सही नसती तर याहून चांगलं झालं असतं. सगळ्यांसमोर म्हणाल्या. औषधवाले छताकडे बघत होते, मी जमिनीकडे.

साडूसाहेबांना औषधवाल्यांनी फोन केला होता. ते म्हणाले, "मी तसं म्हणालो होतो? कुठे? अहो, खाताना माणूस काहीही बोलतो."

तुला एक वेगळंच सांगायचंय. कोर्टात बसून बसून कंटाळा येतो, तर मी वकील बघत बसलो. मालकाचा वकील काय रुबाबदार पोरगा! कोटाला सुरकुती नाही, चष्म्याची फ्रेम सोनेरी, बोलणं असं की न्यायाधीशही मान हलवत होते. तू सांगितलं होतंस तरी मला पटेना. असा माणूस खांबवाल्यातलाच असणार, मी मनाशी म्हटलं, पोरीची ऐकण्यात चूक झाली असेल. आपल्या वकीलबाईंच्या कोटाचं एक बटण तुटलेलं, कागद कापडी पिशवीत, मधेच वाकून काहीतरी शोधत बसायच्या. या नक्की जिन्यावरच्या. पण उभ्या राहिल्या की समोरच्याला घाम फुटायचा.

शेवटच्या दिवशी चहा घेताना राहवलं नाही. तू बजावलं होतंस तरी विचारलं. त्या म्हणाल्या, "मी? खांबवाल्यातली." मी कपच खाली ठेवला. तुझ्या पत्रातली कुलपाची गोष्ट आठवली, ती त्यांना सांगितली. त्या हसून म्हणाल्या, "आमच्या वेळीही कुलपं होती. आम्ही तिघींनी किल्ली पळवली होती."

इतकी वर्षं मी माणसाचा चेहरा बघून सांगतो, याला कुठली फ्रेम शोभेल. दोन माणसं समोर होती. दोन्ही वेळा चुकलो.

तुझ्यावर रागावण्याइतकी उमेद आता राहिली नाही. तू रागावली असशील तर सुट्टीत येऊन समोर रागाव. पत्रात मध्येच बोलता येत नाही.

बाबा


१४ जून

चि. बाळे,

अनेक आशीर्वाद. आजवर ह्यांच्या पत्रांच्या शेपटीला लिहीत आले. हे पत्र माझं. कालची गोष्ट हे सांगतील म्हणून वाट पाहिली, सांगत नाहीत, म्हणून मी लिहिते.

दुरुस्ती उरकली, दुकान मागच्या गल्लीत लागलं. उजेड कमी आहे. औषधवाले शेजारीच आहेत, पण माणसांना खोकत खोकत इमारतीला वळसा घालून यावं लागतं, त्यामुळे बातम्या उशिरा येतात. मला ते आवडतं. मी आता दुपारी दुकानात बसते. काचा पुसते, पावत्या लिहिते. ह्यांना एकटं वाटतं हे ते बोलत नाहीत, मग मीही बोलत नाही.

तुला त्या वकीलबाईंनी सुट्टीत काम दिलं हे कळल्यावर ह्यांनी कुणालाही सांगितलं नाही. मला वाटलं, बरं नाहीये की काय. कपाळाला हात लावून पाहिला.

तर काल एक गृहस्थ डोळे तपासायला आले. त्यांच्या मुलाला कायदा शिकायचाय. खांबवाल्यातही नाव लागलंय आणि जिन्यावरच्यातही. त्यांना कुणीतरी आपलं दुकान सांगितलेलं. म्हणाले, "तुम्हाला अनुभव आहे. कुठलं घ्यावं? नावाचा उपयोग होतो का?"

माझा पुसायचा हात थांबला. ह्यांना मत नाही असा प्रश्न मी लग्नापासून ऐकलेला नाही.

हे म्हणाले, "होतो."

तो माणूस खूश झाला. मग हे बराच वेळ एक काच कपड्यावर घासत बसले आणि म्हणाले, "नाहीही होत."

"अहो, एक काहीतरी सांगा."

"मुलगा काय म्हणतो?"

"त्याला काय कळतंय! तो म्हणतो, आधी दोन्हीकडे वर्गात बसून बघतो. वर्गात काय बघायचंय? मी त्या खांबवाल्या कॉलेजची इमारत डोळ्यांनी पाहून आलोय."

ह्यांनी त्यांच्या नाकावर तपासणीची ती जड फ्रेम चढवली. काचा अजून घातल्याच नव्हत्या. भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं.

"सगळ्यात खालची ओळ वाचा बरं."

ते पुढे वाकले, डोळे बारीक केले, मान तिरकी केली. "दिसत नाही."

"बरं," हे म्हणाले, "वरची?"

"नाही."

"त्याच्या वरची?"

"तीही नाही. अहो, पण कॉलेजचं काय?"

"मुलाला घेऊन या," हे म्हणाले. "त्याच्याशी बोलू. तुम्ही इथे बसा, तुमच्या डोळ्यांना वेळ लागणार आहे."

आई